सोवळ्यातलं सरोवर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कामरेजच्या सोसायटीत दुसरी बोअर मारायची वेळ आली. पहिलीचं पाणी आधी मचूळ झालं, मग मोटर नुसती हवा ओढू लागली. रात्री बोअरची गाडी आली, कंप्रेसर सुरू झाला आणि सगळ्यांच्या झोपेचं खोबरं झालं. लहानथोर गॅलरीत येऊन उभे राहिले. पहाटेच्या सुमाराला चिकण मातीत बिट अडकला. तो सोडवण्यात दोन-तीन तास गेले. आमच्यातले एक काका खाली जाऊन मिस्त्रीला विचारून आले, "भाई, पाणी लागणार ना?" कपाळावरचा चिखल पुसत मिस्त्री म्हणाला, "काका, पाणी तो नीकळशे. चोख्खुं नीकळशे के नहीं, ए ना पूछता."

पाणी निघालं. दोन दिवस राखाडी गाळ आला, त्याला ग्रीसचा वास होता. मग हळूहळू ते निवळलं. त्या दोन दिवसांत पार्किंगमध्ये बसून गप्पा चालल्या असताना कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने सांगितलं, "अंटार्क्टिकावर बर्फातून एक बोअर मारली आहे. पावणेचार किलोमीटर खोल. खाली सरोवर आहे. तिथेही हाच प्रश्न होता. पाणी लागेल, पण ते आपल्याच हातून घाण झालं तर?"

तेव्हापासून आम्ही चार-सहा जण या विषयाच्या मागे लागलो. पुस्तकं पाहिली, लेख वाचले, एकमेकांना सांगितले. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत दक्षिण ध्रुवाचं काय काम, असं कुणी विचारेल. पण वाचता वाचता गोवा भेटला, औंध भेटलं, कोयना भेटली. म्हणून हा गोषवारा आपल्यापुढे ठेवतो आहोत.

पाण्याशी आपलं नातं तसं जुनंच आहे. आमच्यापैकी काही घरं गायकवाडीतली. कामरेज हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातला महाल होता, तेव्हा कारकुनीच्या आणि मास्तरकीच्या निमित्ताने इकडे आलेली. बाकीची बरीचशी खानदेशातली, तापीच्या काठाकाठाने खाली उतरलेली. भुसावळजवळून वाहिलेलं पाणीच उकाईला थांबून आमच्या पुलाखालून सुरतेकडे जातं. खानदेशात केळीच्या बागांसाठी बोअर कितीशे फुटांवर गेली, हा विषय सुट्टीत गावी गेल्यावर आजही पहिल्या चहाबरोबर निघतो. त्यामुळे जमिनीत भोक पाडणं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको. बर्फात भोक पाडणं म्हणजे काय, ते मात्र आम्हाला नव्याने समजलं.

गोव्याहून निघालेली वाट

भारताची अंटार्क्टिकाची वाट गोव्यातून सुरू होते. ६ डिसेंबर १९८१ रोजी 'पोलर सर्कल' हे भाड्याने घेतलेलं नॉर्वेजियन जहाज गोव्याहून निघालं. डॉ. सय्यद झहूर कासिम नेते होते आणि एकूण २१ जण होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी बर्फावर उतरली आणि फेब्रुवारीत गोव्याला परतली.

तिसऱ्या मोहिमेत, म्हणजे १९८३-८४ च्या मोसमात, दोन स्त्रिया होत्या. एक भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. अदितीताईंचा जन्म नागपूरचा, शिक्षण पुण्यात आणि पुढे हवाई व लंडन इथे, आणि काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. मुत्सद्दी आप्पा पंत हे त्यांचे वडील. म्हणजे सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांचे आजोबा. सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थानातलं हे घराणं, आणि त्यातली मुलगी दक्षिण महासागरातल्या सूक्ष्म जीवांचा अभ्यास करायला गेली. हे वाचून आमच्यातल्या आजींनी विचारलं, "आणि हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं कसं नाही?"

त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचं पहिलं ठाणं उभं राहिलं. मोहिमेचे नेते होते डॉ. हर्ष गुप्ता. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. ठाणं एकाच उन्हाळ्यात उभारलं आणि १२ जणांच्या तुकडीने तिथे पहिला हिवाळा काढला. पण ते समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर बांधलेलं होतं. दर हिवाळ्यात वाऱ्याने उडालेला बर्फ त्याच्याभोवती साचत गेला. काही वर्षांतच ठाणं बर्फात रुतलं आणि १९९० मध्ये ते सोडून द्यावं लागलं. तोवर, १९८९ मध्ये, खडकावर 'मैत्री' हे नवं ठाणं तयार झालं होतं. ते प्रियदर्शिनी या गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी आहे.

दक्षिण गंगोत्रीची ही कहाणी आम्हाला महत्त्वाची वाटली. बर्फ दिसतो दगडासारखा, पण वागतो दाट काकवीसारखा. तो साचतो, दबतो, सरकतो, पोकळी दिसली की तिच्यात शिरतो. घर गिळणारा बर्फ भोक कसं उघडं ठेवेल?

आज भारताचं ध्रुवीय काम वास्को-द-गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं. १९९८ मध्ये त्याची स्थापना झाली. तिथे उणे २० अंशांच्या खोल्या आहेत. बाहेर गोव्याचा घाम आणि आत अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे लांब दांडे. पोकळ नळीसारख्या यंत्राने बर्फ गोल कापत खाली जायचं आणि आतला दांडा अलगद वर काढायचा. दर वर्षीच्या हिमवर्षावाचा एक थर, थरावर थर, अशी ती बखरच असते. हवेचे बुडबुडे, धूळ, ज्वालामुखीची राख, सगळं जागच्या जागी. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, म्हणजे पेशवाईची अखेरची तीन वर्षं उरली होती तेव्हा. त्याची खूण अंटार्क्टिकाच्या बर्फात आजही सापडते.

बर्फाखालचं पाणी

आता गोव्याचे हे दांडे ठेवून आणखी आत, खंडाच्या पोटात जाऊ. १९५७ च्या डिसेंबरात सोव्हिएत रशियाने तिथे 'व्होस्तोक' ठाणं उभारलं. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंची, आणि ती उंची जवळजवळ सगळी बर्फाचीच. २१ जुलै १९८३ रोजी तिथे उणे ८९.२ अंश तापमान नोंदवलं गेलं. जमिनीवर मोजलेली ही आजवरची सर्वांत कडक थंडी.

या ठाण्याच्या बरोबर खाली पातळ पाण्याचं सरोवर आहे, हे सुरुवातीला कुणाला माहीत नव्हतं. आंद्रेई कापित्सा या रशियन शास्त्रज्ञाने १९५९ आणि १९६४ मध्ये बर्फात छोटे स्फोट करून त्यांचे पडसाद मोजले होते. त्या नोंदींत सरोवराची खूण होती, पण ती ओळखायला पुढची तीस वर्षं लागली. १९७० च्या दशकात विमानातून रडारने पाहणी झाली, १९९० च्या दशकात उपग्रहाने बर्फाचा सपाट पृष्ठभाग टिपला, आणि १९९६ मध्ये रशियन व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मिळून सरोवर जाहीर केलं. लांबी सुमारे २५० किलोमीटर, रुंदी सुमारे ५०. सुरतेहून गाडीत बसावं आणि जवळजवळ मुंबई येईपर्यंत सरोवराचा काठ संपू नये, एवढं. आज अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली अशी लहानमोठी सहाशेहून अधिक सरोवरं नोंदलेली आहेत.

एवढ्या थंडीत पाणी पातळ कसं? कारण साधं आहे. पृथ्वीच्या पोटातली ऊब खालून सतत येत असते आणि पावणेचार किलोमीटर बर्फाची गोधडी ती वर जाऊ देत नाही. शिवाय एवढ्या वजनाखाली पाणी शून्याला गोठत नाही, आणखी दोन-तीन अंश खाली गेल्यावर गोठतं. म्हणून तळाचा बर्फ वितळतो आणि खोलगट जागी साठतो. तिथे उजेड नाही, वारा नाही. अंटार्क्टिकावर बर्फाची ही चादर दीड कोटी वर्षांच्या आसपास पसरलेली आहे, असं मानलं जातं. एवढा काळ झाकून राहिलेल्या पाण्यात काही जिवंत असेल का? असेल तर ते खातं काय? गुरूच्या युरोपा या चंद्रावरही बर्फाखाली समुद्र असल्याचा अंदाज आहे. तिथे जीव शोधायचा तर आधी इथे शोधून पाहावा, असाही हेतू होता.

मिटणारं भोक

व्होस्तोकला खोल बोअर मारण्याचं काम १९७० पासून चालू होतं. ते सरोवरासाठी नव्हतं, बर्फाच्या दांड्यांसाठी होतं. शिवाजी महाराज सुरतेवर आले ते १६६४ साल व्होस्तोकच्या बर्फात वरच्या पंचवीसेक मीटरांच्या आतच सापडेल. त्याच्या खाली आणखी साडेतीन किलोमीटरांहून जास्त इतिहास आहे. त्या दांड्यांतून गेल्या ४ लाख २० हजार वर्षांच्या हवामानाची नोंद वाचता आली, ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पृथ्वीचं तापमान कसे बरोबरीने वर-खाली होतात, हे जगाला तिथूनच लख्ख दिसलं.

पण हे भोक उघडं ठेवायचं कसं? आपल्या बोअरला केसिंगचा पाइप टाकतो, वरची माती ढासळू नये म्हणून. खाली खडक लागला की तो आपोआप उभा राहतो. बर्फ तसा उभा राहत नाही. हजार-दोन हजार मीटर खाली वरच्या वजनाने तो भोकात सरकत येतो आणि भोक मिटत जातं. यंत्र आत असेल तर ते कायमचं चिमटलं जातं. यावर उपाय एकच. भोकात बर्फाइतक्याच वजनाचा, न गोठणारा द्रव भरून ठेवायचा, म्हणजे आतून दाब राहतो. व्होस्तोकला तो द्रव होता केरोसीन आणि त्याला जड करण्यासाठी फ्रिऑन. सुमारे ६० टन. आपल्या रेशनच्या रॉकेलचाच भाऊबंद!

१९९८ मध्ये बोअर ३,६२३ मीटरवर पोहोचली. तोवर खाली सरोवर आहे हे कळलेलं होतं. अंदाजे १३० मीटर बर्फ उरला होता, आणि तिथे काम थांबवण्यात आलं. कारण भोकात ६० टन केरोसीन उभं होतं आणि त्याखाली लक्षावधी वर्षं कुणी न शिवलेलं पाणी.

आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा क्षण. हातात यंत्र आहे, बर्फ उरला आहे थोडासाच, जगात पहिलं येण्याची संधी आहे, आणि माणसं थांबतात.

थांबलेल्या काळातही सरोवराने वर थोडी खबर पाठवली होती. ३,५३९ मीटरच्या खालचा बर्फ वेगळा निघाला. तो आकाशातून पडलेला बर्फ नव्हता. सरोवराचंच पाणी वरच्या बर्फाला चिकटून गोठलेलं होतं. त्याच्यावर पुढची कित्येक वर्षं अभ्यास झाला.

घागर आधी घासा

आमच्या आज्या-पणज्या सोवळ्यात पाणी भरायच्या. त्यासाठी घागर वेगळी, दोर वेगळा, नेसलेलं वस्त्र वेगळं. अंटार्क्टिकाच्या शास्त्रज्ञांचे नियम वाचताना आम्हाला राहून राहून तेच आठवलं. पण आठवण अर्धवट सांगून चालणार नाही. आपल्याकडच्या सोवळ्याने पाण्याला माणसाचा विटाळ मानला. त्यापायी माणसांना पाणी नाकारलं गेलं, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन हक्क सांगावा लागला. ते सोवळं समोरच्याला अस्वच्छ ठरवत होतं. इथलं सोवळं उलट आहे. इथे माणूस स्वतःच्याच हाताबद्दल, स्वतःच्याच यंत्राबद्दल शंका घेतो. समोरचं पाणी शुद्ध आहे आणि मी नाही, असं मानून तो घागर घासत बसतो.

रशियनांनी २००५ नंतर काम पुन्हा सुरू केलं. मध्ये यंत्र अडकलं, ते निघेना, तेव्हा बाजूने नवी वाट कापावी लागली. तिथे उन्हाळा जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. तेवढ्यातच काम करायचं, बाकी वर्षभर वाट पाहायची. शेवटी ५ फेब्रुवारी २०१२ रोजी, ३,७६९.३ मीटरवर, भोक सरोवराला भिडलं. कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी ४७७ मीटर कमीच पडतील, एवढी खोली.

त्यांची युक्ती अशी होती. भोकातल्या केरोसीनचा दाब मुद्दाम सरोवराच्या दाबापेक्षा कमी ठेवायचा. भोक पडलं की सरोवराचं पाणीच उसळून वर येईल, केरोसीनला वर ढकलेल आणि भोकातच गोठून बूच बसेल. केरोसीन खाली जाणार नाही. मग पुढच्या वर्षी ते गोठलेलं पाणी कापून काढायचं. झालंही तसंच. पाणी भोकात शेकडो मीटर वर चढलं आणि गोठलं. सरोवर बहुधा वाचलं. पण वर आलेलं पाणी केरोसीनला भिडलं होतं. नमुन्यात केरोसीन आणि त्यातले जीवाणू सापडले. २०१३ मध्ये एका अनोळखी जीवाणूची खूण मिळाल्याचं सांगण्यात आलं, आणि लगेच शंकाही निघाल्या: हा सरोवराचा की यंत्राचा?

हे आम्हाला का पटलं ते सांगतो. बोअरचं पाणी तपासायला आमच्यातले दोघं प्रयोगशाळेत गेले. नमुना नेला होता थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत, दोनदा विसळून. तिथल्या मुलीने बाटलीकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "काका, पाणी तपासायचंय की बाटली?" दोघं हात हलवत परत आले. व्होस्तोकचं दुखणं नेमकं हेच होतं. तिथली बाटली मात्र पावणेचार किलोमीटर लांब होती.

नाताळच्या दिवशी परत फिरलेले

केरोसीनचा दोष टाळायचा तर दुसरा मार्ग म्हणजे गरम पाण्याने बर्फ वितळवत जायचं. बर्फ वितळवून पाणी करा, ते गाळा, त्यावर अतिनील किरण सोडा, ९० अंशांपर्यंत तापवा आणि लांब नळीतून खाली सोडा. भोकात फक्त पाणीच राहील, तेही निर्जंतुक. तोटा एवढाच की ते भोक पुन्हा गोठत जातं. जे करायचं ते साधारण एका दिवसात.

प्राध्यापक मार्टिन सीगर्ट यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिशांनी पश्चिम अंटार्क्टिकातल्या एल्सवर्थ सरोवरासाठी ही पद्धत निवडली. वर ३ किलोमीटरहून जाड बर्फ. तयारीला पंधराहून अधिक वर्षं लागली. डिसेंबर २०१२ मध्ये काम सुरू झालं. बेत असा होता की, आधी ३०० मीटर खोलीवर बर्फात एक पोकळी करायची, विहिरीसारखी. मग शेजारून मुख्य भोक खाली नेत त्या पोकळीला जोडायचं, म्हणजे वापरलेलं पाणी तिथून पुन्हा वर खेचता येईल आणि सरोवराशी दाबाचा तोलही सांभाळता येईल. पोकळी झाली, मुख्य भोकही तेवढं खाली गेलं, पण दोन्ही एकमेकांना भेटेनात. वीस तासांहून जास्त प्रयत्न केला. तोवर गरम पाणी वरच्या भुसभुशीत बर्फात मुरत होतं, ते भरून काढायला आणखी बर्फ वितळवावा लागत होता आणि इंधन संपत चाललं होतं. २५ डिसेंबर २०१२ रोजी, नाताळच्या दिवशी, त्यांनी काम थांबवलं.

आपल्याकडे गावोगाव विहिरी खणणारे अनुभवी लोक सांगतात, बोगदा दोन्हीकडून खणला की मधोमध गाठ पडणं हे खरं कसब. तीनशे मीटर खाली, बर्फाच्या पोटात, न दिसणाऱ्या दोन भोकांची ती गाठ पडली नाही, एवढंच झालं. त्यांना वाटलं असतं तर नियम थोडे सैल करून पुढे जाताही आलं असतं, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, इंधनच नव्हतं तर जाणार कुठे? वाद मिटला नाही. पण अपयश जसं घडलं तसं त्यांनी जगाला सांगितलं, आणि पुढच्यांना ते कामी आलं, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

पाणी जिवंत निघालं

महिनाभरातच, २८ जानेवारी २०१३ रोजी, अमेरिकन शास्त्रज्ञांचा चमू व्हिलन्स सरोवरात पोहोचला. सगळं सामान ट्रॅक्टरांच्या तांड्याने बर्फावरून सुमारे हजार किलोमीटर ओढून नेलं होतं. इथे बर्फ ८०० मीटरच जाड होता आणि सरोवर जेमतेम दोन मीटर खोल. पद्धत गरम पाण्याचीच. पाणी गाळलेलं, अतिनील किरणांखालून नेलेलं. नळ्या-उपकरणं हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसलेली. आणि विशेष म्हणजे, खाली जाणाऱ्या पाण्याचेही नमुने वाटेत घेऊन तपासलेले, म्हणजे नंतर कुणी विचारलं की हा जीव सरोवराचा की नळीचा, तर उत्तर हाताशी असावं.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये निष्कर्ष आले. व्हिलन्सच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे १ लाख ३० हजार पेशी होत्या. उजेड नसलेल्या त्या पाण्यात जीवाणूंचं एक आख्खं गाव नांदत होतं. काही जीवाणू अमोनियासारख्या पदार्थांतून आपली ऊर्जा मिळवत होते. सूर्य नसला तरी संसार चालतो, हे स्वच्छ हाताने सिद्ध झालं. २६ डिसेंबर २०१८ रोजी मर्सर सरोवरातही अशीच बोअर पोहोचली, किलोमीटरभर बर्फातून. तिथे जीवाणूंबरोबर बारीक कवचधारी प्राण्यांचे अवशेषही सापडले. ते फार पूर्वी जवळच्या डोंगरांतल्या ओढ्या-तळ्यांतून वाहून आले असावेत, असा अंदाज आहे.

व्हिलन्स आणि मर्सर लहान, व्होस्तोक अफाट. लहान सरोवराने आधी बोलावं आणि मोठ्याने अजून मौन राखावं, यात आम्हाला नवल वाटत नाही. व्होस्तोकला २०१५ च्या जानेवारीत रशियन पुन्हा एकदा भिडले. पण त्या पाण्यात नेमकं कोण राहतं, याचं निर्विवाद उत्तर अजून हाती नाही.

गोठण्याचं भोक

मघाशी एक नाव लक्षात ठेवायला सांगितलं होतं. दक्षिण गंगोत्री उभारणारे डॉ. हर्ष गुप्ता हे मूळचे भूकंपशास्त्रज्ञ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे दोनशे माणसं गेली. आमच्या घरांतल्या ज्येष्ठांना ती पहाट आठवते. धरणाच्या पाण्याने तिथले भूकंप चाळवले जातात, या विषयावर डॉ. गुप्ता यांनी आयुष्यभर काम केलं. त्यातूनच कोयनेच्या खडकात खोल भोक पाडून भूकंपाच्या उगमाजवळ जाण्याची योजना आली. कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली आणि पाटण तालुक्यातल्या गोठणे गावी २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोल प्रायोगिक बोअर पूर्ण झाली.

तिथे वरचा सव्वा किलोमीटर सह्याद्रीचा काळा दगड, बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक. व्होस्तोकची बोअर आणि गोठण्याची बोअर, खोली जवळपास सारखी, पण स्वभाव उलट. दगड कापायला अवघड, पण कापला की भोक बऱ्यापैकी टिकतं. बर्फ कापायला सोपा, पण तो भोक मिटवायला टपलेला. दगडात खाली जाताना ऊब वाढते आणि यंत्र तापतं. बर्फात तळाशी गेलं की वितळण्याच्या बेताला आलेला ऊबदार बर्फ यंत्राला चिकटतो. एकच माणूस आयुष्यात या दोन्ही जगांत वावरला. दोन्हीकडे हवं होतं एकच, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेची खरी खबर.

आमच्या बोअरची गोष्ट पुरी करतो आणि थांबतो. दुसऱ्यांदा आम्ही प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणली, नळाचं तोंड तापवून पुसलं, पाच मिनिटं पाणी सोडून दिलं आणि मग नमुना भरला. हे सगळं करताना सोसायटीतली मुलं भोवती उभी होती. एकाने विचारलं, "एवढं कशाला? पाणीच तर आहे." त्याला उत्तर त्या कॉलेजच्या मुलीनेच दिलं, "नाहीतर अहवालात आपलेच हात दिसतील."

आता सुरतेत बाप्पाचं विसर्जन तापीत होत नाही, कृत्रिम तलावात होतं. पहिल्या वर्षी आम्हीही कुरकुरलो होतो, वाहत्या पाण्याशिवाय निरोप कसला म्हणून. यंदा कुरकुर कमी होईल असं वाटतं. आणि पूजेच्या कलशात या वेळी नव्या बोअरचं पाणी आहे. अहवाल चतुर्थीच्या दोन दिवस आधी आला. पाणी चोख निघालं.